आधी खोली, मग वेळ, चारा शेवटी: नागपूरकडच्या लहान तलावांवर ऋतूनुसार गळ टाकण्याची पद्धत

मासे लागेनासे झाले की पहिला संशय चाऱ्यावर जातो. कणकेत आणखी चिमूटभर हिंग पडतो, शेजारचा बडीशेप सुचवतो, तिसरा खिशातून कसली तरी बाटली काढतो. डब्याला वास छान सुटतो, पाण्यावर तरंगणारा फ्लोट मात्र जागचा हलत नाही. बहुतेक वेळा घोटाळा चाऱ्यात नसतोच. मासा आठ फुटांवर असतो आणि गळ तीन फुटांवर लटकत असतो, किंवा डिसेंबरात मासा दुपारी बाराला चरतो आणि आपण पहाटे साडेपाचपासून कुडकुडत बसलेलो असतो.

नागपुरात हवा टोकाची. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले, २९ डिसेंबर २०१८ ला ३.५. पाणी हवेइतकं झपाट्याने तापत किंवा गार होत नाही, पण लहान, उथळ तलावात मासा वर्षभर एकाच जागी, एकाच वेळी चरेल हे शक्य नाही. म्हणून ऋतू बदलला की आधी खोली बदला, मग बसण्याची वेळ, आणि हे दोन्ही करून झाल्यावर चारा.

हा लेख लहान पाण्यासाठी आहे. उमरेड, कुही, मौदा, रामटेक, हिंगणा या भागांतले मामा तलाव (म्हणजे माजी मालगुजारी तलाव), पाझर तलाव, गावतलाव. खिंडसीसारख्या मोठ्या जलाशयाचं गणित निराळं.

## १. परवानगी

यातले बरेच तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेने ठेक्याने घेतलेले असतात. त्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, संस्थेने पैसे मोजून सोडलेली असते, म्हणजे तो मासा कुणाच्या तरी घरच्या कमाईचा आहे. पाळीवर राखणीला असलेल्या माणसाला "भाऊ, आज गळ टाकला तर चालेल का? काय द्यावं लागेल?" इतकं विचारलं की बहुतेक ठिकाणी काम होतं. तीन गोष्टी आधीच ठरवून घ्या: किती गळ चालतील, किती मासे घरी नेता येतील आणि सध्या कुठला भाग बंद आहे. पावसाळ्यात बोटुकली सोडल्यावर काही संस्था काही दिवस गळ बंद ठेवतात. तसं असेल तर हुज्जत न घालता परत फिरा.

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत गळ, जाळं काहीही नाही. शहरातल्या ज्या तलावात सांडपाणी येतं तिथला मासा खाण्यासाठी धरू नका.

## २. तलाव वाचणे

हे काम मे महिन्यात करायचं, पाणी आटलेलं असताना. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण सप्टेंबरात तेच पाणी काठोकाठ भरलं की खालचं काहीच दिसणार नाही.

मामा तलावाची घडण साधी असते. एका बाजूला मातीची पाळ, तिच्या पायथ्याशी सगळ्यात खोल पाणी. पाळीतच कुठेतरी तुडुम, म्हणजे शेताला पाणी सोडायची वाट, आणि तिच्या तोंडाशी बहुधा खड्डा. एका टोकाला सांडवा. समोरची बाजू उथळ होत होत शेताला किंवा झुडपांना टेकते आणि तिथूनच नाला आत येतो. या चार जागा, म्हणजे पाळीचा पायथा, तुडुमाचा खड्डा, नाल्याचं तोंड आणि उथळ गवताळ काठ, वर्षभरात आळीपाळीने कामाला येतात. कुठली केव्हा, ते पुढे येईल.

फोटोत बुडीत खुंट, दगड, बेशरमच्या झुडपांची मुळं कुठे आहेत तेही पाहून ठेवा. मासा त्यांच्या आसपास असतो, आणि गळही तिथेच अडकतो. गळ खुंटाच्या आत नाही, खुंटापासून तीन-चार फूट अलीकडे पडायला हवा.

सांभाळा: ज्या तलावात शिंगाडा लावलेला असतो तिथे वेलांत गळ फेकू नका आणि काठीने वेल ओढू नका. ते पीक आहे.

## ३. सामान

लहान तलावाला महागडं सामान लागत नाही. नऊ-दहा फुटांचा रॉड आणि साधं रीळ पुरे. रीळ नसेल तर बांबूची छडीसुद्धा चालते, फक्त मोठा मासा लागल्यावर सोडायला दोरा हातात नसतो एवढं लक्षात ठेवा.

रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) यांच्यासाठी ०.३० ते ०.३५ मिमी तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि ६ ते ८ नंबरचा गळ. चिलापीसाठी (तिलापिया) ०.२० ते ०.२५ मिमी आणि १० ते १२ नंबर. नंबर वाढला की गळ लहान होतो. दुकानात हे उलटं समजून "मोठा मासा धरायचाय, मोठा नंबर द्या" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

फ्लोट बारीक आणि लांब घ्या. जाड गोल फ्लोट पाण्यावर ऐटीत बसतो, पण मृगळाची ओढ त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. शिसं इतकं लावा की फ्लोटचं फक्त टोक, साधारण पाऊण इंच, पाण्याबाहेर राहील.

गाठ घाईत मारू नका, निम्मे मासे तिथेच सुटतात. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवा. टोक मुख्य दोऱ्याभोवती पाच वेळा फिरवा. मग ते टोक डोळ्यालगत उरलेल्या लहान फटीतून काढा आणि त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फाशातून परत ओढून घ्या. आवळण्याआधी गाठीला थुंकी लावा. कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि तंगूस नेमका तिथेच कमजोर होतो. उरलेलं टोक दोन मिलिमीटर ठेवून कापा.

तपासा: गळ चपलेच्या पट्ट्यात अडकवून दोरा हळूहळू, पण जोर लावून ओढा. गाठ सरकली तर पुन्हा बांधा. गळाचं टोक नखावर टेकवून तिरकं ओढून बघा. रुतलं तर धारदार, घसरलं तर बदला.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा किती ओढीला सुटेल ते ठरवणारा ताण, हाताने दोरा ओढून लावायचा. दम देऊन ओढल्यावर दोरा कुरकुरत सुटला पाहिजे. गच्च आवळलेला ड्रॅग आणि तीन किलोचा रोहू अशी गाठ पडली की तुटतो तो दोराच.

## ४. खोली मोजणे

ही पायरी लोक सर्रास गाळतात. पाच मिनिटांचं काम आहे, आणि प्रत्येक वेळी करायचं. मागच्या रविवारची खोली या रविवारी धरू नका. पावसाळ्यात एका रात्रीत पाणी दोन फूट चढतं, उन्हाळ्यात शेताला सोडलं की तितकंच उतरतं.

१. गळावर एक जड शिसं दाबून बसवा. फ्लोट गळापासून चार फुटांवर ठेवा.
२. जिथे चारा टाकणार आहात नेमका तिथेच गळ टाका.
३. फ्लोट पूर्ण बुडाला म्हणजे पाणी चार फुटांहून जास्त खोल आहे. फ्लोट वर सरकवा.
४. फ्लोट आडवा पडला म्हणजे दोरा जास्त झाला. फ्लोट खाली आणा.
५. फ्लोट उभा राहून टोकच बाहेर दिसलं की गळ बरोबर तळाला टेकला. रॉडवर त्या मापाला खडूची खूण करा.
६. दोन्ही बाजूंना पाच-सहा फुटांवर पुन्हा मोजा. उतार सापडला तर बसायची जागा तीच.

आता मासा कुठल्या थरात चरतो ते बघा. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी: गळ तळाला टेकलेला किंवा एक-दोन इंच आडवा पडलेला हवा. रोहू मधल्या थरात फिरतो, पण चारा तळाशी पडला की खालीही येतो. त्याला तळापासून एक ते दीड फूट वर ठेवून सुरुवात करा. कटला वरच्या थरातला. त्याचा खालचा जबडा वर वळलेला असतो, त्याला तळाशी लाडू ठेवून उपयोग नाही, पाण्याच्या वरच्या पातळीपासून दोन-तीन फुटांवर लटकता चारा हवा. चंदेरा (सिल्व्हर कार्प) पाणी गाळून सूक्ष्म जीव खातो, सहसा गळाला लागत नाही. त्याच्या मागे दिवस घालवू नका. गवत्या (ग्रास कार्प) गवताच्या काठाला सापडतो.

## ५. चारा

ऋतूप्रमाणे फरक करायचा तो प्रमाणात आणि वासात. मूळ मिश्रण वर्षभर एकच पुरतं.

टाकायचा चारा: शेंगदाण्याची ढेप (पेंड) दोन भाग, तांदळाचा कोंडा एक भाग, मूठभर भाजलेले चणे भरडून, चमचाभर मेथी भाजून पूड करून. ढेप नागपूरच्या इतवारी बाजारात सहज मिळते. बुरशीचा वास येत असेल तर घेऊ नका, मासे तिच्याकडे फिरकत नाहीत. ढेप तीन-चार तास भिजवा, बाकी सगळं कोरडं मिसळा आणि पाणी त्याच तलावाचं वापरा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो.

तपासा: लिंबाएवढा गोळा वळून काठाजवळच्या उथळ पाण्यात टाका. पडताना फुटला तर पाणी कमी, पाच मिनिटांनीही तसाच राहिला तर मळणं जास्त. तळाला टेकून दोन-तीन मिनिटांत सुटा व्हायला हवा.

गळावरचा चारा: कणीक घट्ट मळा आणि त्यात चिमूटभर पिंजलेला कापूस एकजीव करा. बारकी मासोळी टोचून टोचून गोळा उडवते, कापसामुळे तो टिकतो. हिंग किंवा भाजलेली मेथी यांपैकी एकच काहीतरी घाला. दोन्ही घातलं म्हणून दुप्पट मासे येत नाहीत. गळाचं टोक गोळ्यातून किंचित बाहेर दिसू द्या. टोक आत दडवून ठेवणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक, मग झटका दिला की गोळा सुटून येतो आणि मासा मोकळा.

गांडूळ मात्र वेगळं प्रकरण. पावसाळ्यात त्याला तोड नाही. एकाच टोकाने ओवा, अर्धं वळवळायला मोकळं ठेवा.

## ६. ऋतूप्रमाणे बदल

### मृगापासून पोळ्यापर्यंत

सगळ्यात जास्त गोंधळ याच काळात होतो. पहिला जोराचा पाऊस पडला की लोक दुसऱ्या दिवशी पहाटे तलाव गाठतात. तो दिवस बहुधा वाया जातो. शेताशिवारातली माती, पालापाचोळा, शेणकूट सगळं तलावात उतरलेलं असतं, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासा अस्वस्थ असतो. दोन-तीन दिवस थांबा. हात कोपरापर्यंत पाण्यात घालून बोटं दिसायला लागली की जा.

खोली: उथळ, दोन ते चार फूट. जागा: नाल्याचं तोंड. पण थेट धारेत नाही. गढूळ पाणी जिथे स्वच्छ पाण्याला मिळतं तिथे एक रेघ दिसते, तिच्या स्वच्छ बाजूला गळ टाका. वेळ: उघडीप असेल तर सकाळी सात ते दहा आणि दुपारी चारनंतर. चारा: गांडूळ, किंवा हिंगाची कणीक. गढुळात मासा डोळ्यापेक्षा वासावर चालतो, म्हणून इथे वास थोडा जास्त चालेल.

सलग चार-पाच दिवस ढगाळ गेले आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर गळ टाकूच नका. पाण्यात प्राणवायू उरलेला नसतो, मासा खाणार नाही आणि धरून सोडलेला जगणारही नाही. राखणदाराला सांगा, संस्थेला वेळेत कळलं तर काही करता येतं.

हा विणीचाही काळ. काठाला लालसर-नारिंगी पिल्लांचा पुंजका वर येऊन बुडताना दिसला तर खाली मरळ राखण करत असते. तिथे गळ नको. ती धरली तर पुंजका तासाभरात बाकीचे मासे फस्त करतात. पोट टम्म फुगलेली, गाभोळीने भरलेली कुठलीही मादी सोडून द्या.

सांभाळा: कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. गडगडाट ऐकू आला की रॉड जमिनीवर आडवा ठेवा आणि पाळीवरून खाली उतरून पक्क्या घराकडे जा, झाडाखाली थांबू नका. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे रॉड उभारूच नका. सांडव्यावर पाणी वाहत असताना त्यावर पाय ठेवू नका, शेवाळावरून घसरलेला माणूस सावरत नाही. गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटा आणि बूट घाला. साप चावला तर चिरा देणं, आवळून बांधणं, झाडपाला यात वेळ घालवू नका. गावाकडे असाल तर ग्रामीण रुग्णालय, शहराजवळ असाल तर मेडिकल किंवा मेयो ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं.

### पोळा ते दिवाळीनंतर पंधरा दिवस

वर्षातला उत्तम काळ. पाणी भरलेलं, स्थिर, निवळलेलं. रोहू मधल्या थरात भरपूर फिरतो. तळापासून दीड फूट वर सुरुवात करा, अर्ध्या तासात काही नाही तर अर्धा फूट खाली उतरा, पुन्हा अर्ध्या तासाने तळाला. सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत आणि सांजेला चारनंतर. चारा सुरुवातीला चार-पाच गोळे, मग दर वीस मिनिटांनी एक, नेमका त्याच जागी. इकडे एक, तिकडे एक असे गोळे भिरकावले तर मासाही इकडे-तिकडेच राहतो.

### डिसेंबर, जानेवारी

पाणी २० अंशांच्या खाली गेलं की आपल्याकडच्या कार्प माशांची भूक मंदावते. पहाटे उठायची गरज नाही. अकरा ते साडेतीन, ऊन पाण्यावर पडलेलं असताना. जागा पाळीचा पायथा, गळ तळाला. आकाश निरभ्र आणि वारा शांत असेल तर दुपारी एकच्या सुमारास उन्हाच्या बाजूचा उथळ काठही करून बघा, तिथलं पाणी आधी तापतं.

चारा अगदी कमी: सुरुवातीला दोन गोळे आणि मग मासा लागला तरच आणखी. गळ एक नंबर बारीक करा, कणकेचा गोळा वाटाण्याएवढा. ओढ इतकी हलकी असते की फ्लोट नुसता तिरका होतो.

फेब्रुवारीत गवताळ काठाला पहाटे पाणी खळबळताना दिसलं तर बहुधा सायप्रिनस अंडी घालतोय. तिथून लांब बसा.

### होळी ते नवतपा

इथे फार लिहिण्यासारखं नाही. पाणी तुडुमाच्या खड्ड्याकडे गोळा होतं, मासाही. उजाडल्यापासून आठपर्यंत, किंवा सहानंतर. चारा नावापुरता, कारण न खाल्लेली ढेप गरम पाण्यात सडते आणि उरलासुरला प्राणवायू खाते. सोडायचा मासा दमवत बसू नका, पटकन काठाला आणून पाण्यातच गळ काढा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, जाऊ नका. तलावात कुठेही चार फूट पाणी उरलं नसेल तर पहिला चांगला पाऊस होऊन पाणी निवळेपर्यंत गळ बंद. डोक्याला दुपट्टा आणि माणशी दोन लिटर पाणी हे सांगायला नको, तरी सांगतो.

## ७. फ्लोट वाचणे आणि झटका

फ्लोट थरथरतो, थांबतो, परत थरथरतो: बारकी मासोळी. झटका देऊ नका, हात आवरा. दर थरथरीला काठी उपसणारा माणूस दिवसभर रिकामा गळ बघत बसतो.

फ्लोट हळूच वर उचलला जाऊन आडवा होतो: तळाच्या माशाने चारा उचलला. लगेच झटका.

फ्लोट तिरका होऊन एका दिशेने सरकत बुडतो: रोहूची खास लकब. पूर्ण बुडेपर्यंत मनात "एक, दोन" म्हणा आणि मग मनगटाने, खांद्याने नाही, रॉड उचला.

गळाभोवती बारीक बुडबुड्यांची माळ वर येते आणि फ्लोट हलत नाही: सायप्रिनस चिखल उकरतोय. गळ उचलून बघायचा मोह टाळा. तो दहा मिनिटं उकरतो आणि मग एकदम ओढतो.

मासा लागल्यावर रॉड उभा धरा, टोक वाकलेलं राहू द्या. मासा पळाला तर दोरा सोडा, थांबला तर गुंडाळा. तो खुंटाकडे वळला तर रॉड आडवा करून विरुद्ध बाजूला दाब द्या. हातजाळी आधीच पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा तिच्यावर ओढून आणा. जाळी माशामागे फिरवायला गेलात की जाळीचा काठ दोऱ्याला लागतो आणि शेवटच्या दोन फुटांत मासा जातो.

## ८. मासा काढणे आणि जागा आवरणे

सोडायचा असेल तर आधी हात ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. गळ खोल गिळला असेल तर उपटू नका, तंगूस तोंडाजवळ कापा. मासा पाण्यात सरळ धरून ठेवा, कल्ले नीट चालले की तो स्वतःच निसटतो. शिंगी किंवा मागूर लागला तर हाताने धरू नका, कापडात धरा. छातीच्या परांजवळचे काटे टोचले की हात सुजतो, ठणका तासन्‌तास जात नाही.

दुसऱ्या तलावातला मासा, किंवा घरच्या टाकीतला कुठलाही मासा इथे सोडायचा नाही. चिलापी तलावात कशी पसरते ते संस्थेच्या लोकांना विचारा.

घरी न्यायचा मासा उन्हात पिशवीत लोंबकळत ठेवू नका. बर्फाचा डबा नसेल तर लगेच पोट साफ करा, ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि सावलीत ठेवा.

तुटलेला तंगूस जमिनीवर टाकू नका. बगळ्यांच्या, पाणकावळ्यांच्या पायांत तो अडकतो आणि पाळीवर चरायला आलेल्या शेळ्याही तो गिळतात. बोटांभोवती गुंडाळून खिशात टाका, घरी बारीक तुकडे करून कचऱ्यात. उरलेला चारा तलावात ओतू नका, जनावरांना घाला. निघताना राखणदाराला काय लागलं, किती सोडलं, कुठल्या खोलीवर, एवढं सांगून जा.